पेरूच्या लाकडावर केरबा

पेरूचं लाकूड, आडवं कापलेलं,
तळहाताएवढं.
धोंडफळे सुताराने घासून घासून असं दिलं
की श्वास सोडला तर वर वाफ दिसायची.
त्यावर काजळी फासली.
आता जिथे ओरखडा, तिथे उजेड.

बत्तीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी हेच केलं : माक्याच्या तेलाची बाटली,
लोखंडी नांगर, दम्याच्या गोळ्या,
फेट्यातलं हसरं गिऱ्हाईक.
मग जस्ताचे ठोकळे आले
आणि मालकांनी मला बिलं लिहायला बसवलं.
हाताला खाज राहिली.
म्हणून केरबा जोर्वेकरला म्हटलं, एकदा बस माझ्यापुढे.

तो बसला नाही.
कुंभारवाड्यात, नदीकडच्या खोलीत,
कुठल्याशा तालुक्याच्या नगराध्यक्षाच्या
कानामागे शाडू दाबत उभा राहिला.
"तू काढ. मी काही पळत नाही."
भिंतीवर एकसष्टच्या पुराची रेघ, त्याच्या छातीच्या वर.
तिच्याखाली ठेवलेले अकरा पुढारी
त्या दिवशी विरघळले होते.
"गाळ मात्र बरा निघाला," तो म्हणायचा,
"त्यातच बारावा केला."

घरी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा,
डोळ्याला भिंग, वाळूच्या कातडी उशीवर ठोकळा.
या कामात कोरणी जागची हलत नाही,
लाकूड फिरवायचं.
तीन महिने मी केरबाला फिरवत होतो,
कपाळाकडून, हनुवटीकडून,
कानातल्या केसांसाठी तर पार उलटा.
मिशीला एकशे चौदा रेघा.
गालावरचा देवीचा वण एका टिंबात बसला
त्या रात्री मी चहा टाकला
आणि बायकोलाही उठवलं.
तिने वण पाहिला, चहा प्यायली, झोपली.

बोटांपाशी अडलो.
त्याच्या नखांत वाळलेली माती असायची.
ती कोरावी की ठेवावी?
ठेवली. तिथे लाकडाला हात लावला नाही.

छाप घेऊन गेलो. चांगला कागद,
मालकांना न विचारता आणलेला.
केरबाने तो दाराच्या उजेडात धरला,
"मीच आहे," म्हणाला,
आणि लग्नपत्रिका वाचून द्यावी तसा परत दिला.
मग : "लाकूड आणलंयस?"

होतं, पिशवीत, धोतराच्या फडक्यात.
त्याने हात पुसले. हे मी पहिल्यांदा पाहत होतो.
डोळे मिटून अंगठा कपाळावर ठेवला,
हळूच खाली आणला, थांबला.
"इथे नाक पाहिजे."
"आहे की."
"इथे खड्डा आहे, मोरू."
अंगठा पुढे. डोळ्यांच्या खोबणी उंच लागल्या,
हनुवटीखालची सावली टेकाडासारखी,
गाल होताच कुठे.
"साचा म्हणावा, तर साच्यातही
नाकाचा खड्डा नाकाएवढा असतो.
तुझं नाक आणि मिशीचा केस, दोन्ही एकाच खोलीचे."
मी म्हटलं, शाई वरच बसते रे,
खाली किती गेलंय ते तिला कळत नाही.

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.
बाहेर कोणीतरी गाढवावरून राख उतरवत होतं.
अंगठा नखांपाशी गेला, गुळगुळीत लाकडावर.
"आणि हे?"
"तुझ्या नखांतली माती."
"हं," म्हणाला. "ही आहे."

मग वळला, नगराध्यक्षांच्या कानाची
चिमूटभर ओली पाळी तोडली,
आणि माझ्या तीन महिन्यांच्या नाकात दाबून
अंगठ्याने सपाट केली.

मी ओरडलो असेन. आठवत नाही.

शाडू वाळल्यावर तशीच एक छाप घेतली.
मिशी जागच्या जागी, वण जागच्या जागी,
मधे काळा ठिपका, अंगठ्याच्या टोकाएवढा.
येणारे विचारतात, शाई सांडली का?
मी हो म्हणतो.